घमेल्यातलं जनावर

पंचफुलाबाई आमच्या कार्यालयात दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर रानडुक्कर होतं. अख्खं नव्हे, त्याच्या पायाचा नुसता ठसा. वांग्याच्या सरीतून खुरप्याने चौकोनी कापून काढलेली ओली माती त्यांनी घमेल्यात ठेवली होती, ती तडकू नये म्हणून वर भिजवलेलं पोतं झाकलं होतं आणि ते घमेलं डोक्यावर घेऊन त्या एसटीने अकोटला आल्या होत्या. माझ्या टेबलावरच्या फायली त्यांनी एका हाताने बाजूला सारल्या, घमेलं ठेवलं, पोतं उचललं आणि म्हणाल्या, "घ्या बाबूजी. तुमी काल पुरावा मांगला होता ना? आनला."

आदल्या दिवशी त्या पहिल्यांदा आल्या होत्या. डुकरांनी वांगी उलथून टाकली, नुकसानभरपाईचा अर्ज घ्या, म्हणत होत्या. मी मान वर न करता म्हणालो होतो, "जनावरानंच केलं याला पुरावा काय? तोंडी चालत नाही." हे वाक्य मी दिवसातून पाच-सहा वेळा म्हणत असे. ते ऐकून गेलेला माणूस सहसा परत येत नसे आणि त्या वाक्याचा खरा उपयोग तोच होता. त्याचा अर्थ शब्दशः घेऊन कुणी पुरावा घेऊन येईल अशी सोय मी केलेली नव्हती.

मी वनविभागातला कारकून. अकोटकडच्या एका कार्यालयात होतो. कोणत्या ते सांगत नाही, पेन्शन चालू आहे. घर अमरावतीला. आमच्या घराण्यात तीन पिढ्या वकिली झाली. ती माझ्यापर्यंत येईस्तोवर बुद्धी संपली होती, हरकत घेण्याची खोड तेवढी शिल्लक राहिली होती. अर्ज हातात आला की माझी नजर आधी त्रुटीवर जाई, आणि त्रुटी सापडली की लाल शाईने ती लिहिताना मला काहीतरी निर्माण केल्याचं समाधान मिळे. शिवाय मी कुणाचा चहासुद्धा पीत नसे. लाच खात नाही म्हटल्यावर काम न करण्याचा आपल्याला नैतिक अधिकार आहे, असं मला मनापासून वाटे.

तर ते घमेलं. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. साहेब म्हणाले, हरीण. मी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, पुष्कळ वेळ निरीक्षण केलं आणि म्हणालो, "बकरी." पंचफुलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनंतर थेट तेव्हाच भेटली. "हे मांगं दोन टिकल्या दिसून राहिल्या ना, थे डुकराच्या मागच्या नख्या. बकरीले कुठं असते असं? जंगलाचं हापिस ना हे?" मग घमेल्याच्या काठावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "लेहून घ्या बाबूजी. जनावर खोटं बोलत नाई. त्याले लिवताच येत नाई."

हे शेवटचं वाक्य कुणाला उद्देशून होतं ते मला त्या संध्याकाळी खोलीवर गेल्यावर कळलं. तूर्त माझ्यापुढे वेगळीच अडचण होती. आलेला प्रत्येक पुरावा आवक नोंदवहीत चढवायचा असा नियम. मी लिहिलं, 'माती, एक घमेलं'. पुढे 'सोबत जोडलेली पाने' असा रकाना होता. तिथे बराच विचार करून मी 'निरंक' लिहिलं.

तेव्हापासून त्या येतच राहिल्या. त्यांचं गाव सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. नाल्याकाठी दोन एकर बागायत. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि दसरा-दिवाळीला झेंडू. नाल्याच्या पलीकडे जंगल सुरू व्हायचं. त्यामुळे त्यांनी पिकवलेलं आधी जंगलाला जाई, उरलेलं अकोटच्या बाजाराला. त्यांच्याकडे बटनवाला मोबाइल होता, त्यात फोटो निघत नसे, म्हणून ठसे. घमेल्यातून आमच्याकडे रोही, म्हणजे नीलगाय, आला, चितळ आलं, साळिंदर आलं. एका नव्या कंडक्टरने घमेल्याचं तिकीट मागितलं तेव्हा त्या भर गाडीत म्हणाल्या होत्या, "कावून रे बापा? अख्खं डुक्कर असतं तं तिकीट काढलं असतं. येका पायाचं काय तिकीट काढू?" हा किस्सा मला त्याच कंडक्टरने सांगितला. पुढे तो घमेलं ठेवायला स्वतः उठून जागा करून देई.

एका वर्षी वन्यजीव सप्ताहात आम्ही त्यांच्या गावात कार्यक्रम घेतला. साहेबांचा घसा बसला होता, म्हणून भाषण माझ्यावर आलं. मी फार सुंदर बोललो. वाघ वाचला तर जंगल वाचेल, जंगल वाचलं तर पाऊस वाचेल, पाऊस वाचला तर नद्या वाचतील, असं मी एकेक वाचवत चाललो होतो. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून पंचफुलाबाई उठल्या. "बाबूजी, हे सारं वाचल्यावर आमचा नंबर कितवा लागते?"

लोक हसले. मी म्हणालो, "लागेल ना, तुमचाही लागेल."

"लागन तं लागन. पन तवापर्यंत वांगे कोन खाईन, थे सांगा."

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या. मी चहा पीत नाही म्हटल्यावर, "राहू द्या मंग, पान्यात काय लाच असते का?" म्हणून त्यांनी पाण्याचा गडू पुढे केला. आणि मग जे बोलल्या ते मला तेव्हा उद्धटपणाचं वाटलं होतं. "पोटात असलं का मानसाले वाघ चांगला दिसते बाबूजी. पोटात नसलं का वाघ काय अन् डुक्कर काय, दोगंबी चोरच. तुमी जंगल वाचवा म्हन्ता. मंग जंगलाच्या शेजाऱ्याले वाचवा ना पयले. शेजारी बिघडला का चोर घरात शिरालेच मदत करते."

हे नुसतं बोलणं नव्हतं. त्या भागात तेव्हा शेताभोवती तार ओढून तिच्यात खांबावरच्या लाइनीचा करंट सोडायची साथ आली होती. डुक्कर अडेल म्हणून सोडलेला तो करंट येईल त्याला घेऊन जाई. शेजारच्या गावात अशा तारेला चिकटून एक म्हैस गेली, आणि महिन्याभरात एक बिबट्या. पंचफुलाबाईंनी आपल्या गावातल्या नाल्याकाठच्या सगळ्या शेतकऱ्यांना मारुतीच्या पारावर बोलावलं, मधोमध नारळ ठेवला आणि एकेकाला त्यावर हात ठेवायला लावलं. करंट सोडायचा नाही. ज्याचं नुकसान होईल त्याचा कागद हापिसातून काढून आणायची जबाबदारी पंचफुलाबाईंची. नारळ फोडायचा नाही, मारुतीपुढे तसाच ठेवायचा. शब्द मोडेल त्याने तो फोडून जायचं. अशी ती बोली होती. म्हणजे त्या बाईने अख्ख्या गावाची शपथ माझ्या लाल पेनावर टांगून ठेवली होती, आणि मला याची कल्पनाच नव्हती. असती तरी मी आधी त्या नारळाची पावती मागितली असती.

त्यांच्या शेजारी सुधाकरचं शेत. दोन लेकरांचा बाप, गरीब स्वभावाचा माणूस. त्याचा हरभरा घाट्यावर असताना रोह्यांच्या कळपाने तो बसून, लोळून, सावकाश खाल्ला. पंचफुलाबाईंनी त्याच्याही शेतातला ठसा घमेल्यातून आणला, सुधाकर अर्ज घेऊन मागे उभा राहिला. मी तो परत केला, कारण शेताचा नकाशा जोडलेला नव्हता. तो नकाशा घेऊन आला; नकाशावर सही नव्हती. तो सही घेऊन आला. तिसऱ्या खेपेला मला काही सापडेना, मी अस्वस्थ झालो, आणि मग दिसलं की नकाशावरची तारीख या खेपेला नव्याने लिहिलेल्या अर्जावरच्या तारखेच्या आधीची आहे. ज्या अर्जासोबत नकाशा जोडायचा तो अर्ज अस्तित्वात नसताना नकाशा कसा काय निघाला? मी लाल शाईने झकास चार ओळी लिहिल्या.

दाराशी उभ्या असलेल्या पंचफुलाबाई म्हणाल्या, "बाबूजी, त्याचा हरभरा गेला, आता धीर चालला. तेवढा घालवू नका."

"नियम मी केले नाहीत," मी म्हणालो.

त्या शनिवारी अमरावतीला गेल्यावर ही तिसरी त्रुटी मी जेवताना बायकोला मोठ्या कौतुकाने सांगितली. ती म्हणाली, "मग त्याचा हरभरा परत आला का?" मी म्हणालो, "तुला कायद्यातलं कळत नाही." तिने वाढायचं थांबवलं नाही, पण भाजी जरा लांबूनच टाकली.

सोमवारी घमेलं आलं. एव्हाना मला त्या खेळाची गोडी लागली होती. पोतं न उचलता जनावर ओळखायचं, आणि मी नेहमी चुकायचो. मी म्हणालो, "रोही?"

पंचफुलाबाई हसल्या नाहीत. "पोतं उचला."

मी उचललं. आत माती नव्हती. बायंडिंगच्या तारेचं वेटोळं होतं आणि तिच्या टोकाला खांबावर टाकायचा आकडा.

"हे कोणत्या जनावराचं?" मी विचारलं. विनोद करायची सवय वाईट असते.

"सांगतो," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या. "काल दिवे लागनीच्या टायमाले सुधाकर वावराभवती तार वढून राहिला होता. आकडा टाकायचाच बाकी होता. म्या तारेवर जाऊन बसली. म्हनलं, सोड करंट, पयले मले ने. रडला थो बाबूजी. येवढा बाप्या मानूस रडला. म्हने, माय, मी बेइमान नाई, पन तीन डाव वापस आलो. त्याचं काय चुकलं सांगा? नारयावर हात त्यानं ठेवला, पन शबद तं माहा होता. मीच खोटी पडली."

त्यांनी घमेलं माझ्यापुढे आणखी सरकवलं.

"इतक्या वर्सात साऱ्या जनावराचे ठसे आनले तुमच्याकडे. हा तुमचा हाये," त्या म्हणाल्या. उठल्या आणि निघून गेल्या. घमेलं टेबलावरच राहिलं. आजवर त्यांनी ते कधी मागे ठेवलं नव्हतं.

मला खूप लाज वाटली, हे सरळच सांगतो. त्या दिवशी डबा उघडला नाही. मनात एकसारखं येत होतं की आकडा पडला असता तर त्या तारेला डुक्कर चिकटलं असतं, की बिबट्या, की सकाळी वांगी तोडायला निघालेली ही बाई? आणि आवक नोंदवहीत मी ते कोणत्या रकान्यात लिहिलं असतं?

दुसऱ्या दिवशी मी घमेलं मांडीवर घेऊन एसटीत बसलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत नुकसान झालेलं शेत मी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. त्याची गरज पडत नसे. कंडक्टरने घमेलं ओळखलं. "पंचफुलामायचं घमेलं तुमच्याजवळ कसं काय?" त्याने संशयाने विचारलं. चोरीचा माल घेऊन चाललोय असं मला वाटत राहिलं.

गावात उतरून नाल्याकडे गेलो. त्या वाफ्याला पाणी देत होत्या. मला पाहून त्यांनी काही विचारलं नाही. मी घाईघाईने क्षमा मागायच्या बेतात पुढे झालो आणि चपलेसकट घोट्यापर्यंत चिखलात रुतलो.

"हलू नका!" त्या ओरडल्या. "मेथी हाये थे! परवाच उगवली." मी एक पाय हवेत धरून उभा. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं, वाफ्यात उमटलेल्या माझ्या पावलाकडे बराच वेळ पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "डुक्कर बी वाफा पाहून पाय टाकते बाबूजी. आता याचा अर्ज मी कोनाले करू?" आणि मग त्या जे हसायला लागल्या ते थांबेचनात. पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. क्षमा मागायची राहून गेली ती राहूनच गेली.

त्याच दिवशी मी आमच्या वनरक्षकाला आणि तलाठ्याला फोन लावून बोलावलं. मी आपण होऊन फोन केला याचंच त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की दोघंही आले. सुधाकरच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून पंचनामा झाला. नकाशावरच्या तारखेकडे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात शिवशिवला असता.

पुढे दर बुधवारी मी त्या गावाला जाऊ लागलो. साहेबांनी परवानगी लगेच दिली. मी जागेवर नसलो की त्यांचीही कामं लवकर होतात, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. मारुतीच्या पारावर बसायचं, ठसे पाहायचे, तिथेच अर्ज भरायचे, तिथेच दुरुस्त करायचे. सुधाकरचे पैसे पुढच्या पेरणीआधी हातात पडले. तो सगळं सोडून पुण्याला कुठल्याशा कंपनीत जाणार होता, गेला नाही. त्याने आणि नाल्याकाठच्या इतर लोकांनी मिळून झटका मशीन घेतलं. ते उन्हावर चालतं. जनावर तारेला लागलं की झटका खाऊन मागे फिरतं, मरत नाही. वांगी बाजारात पोचू लागली, हरभरा घरी येऊ लागला. मारुतीपुढचा नारळ मात्र वाळून खडखडीत झाला. यात माझं कर्तृत्व काय, तर मी अडवायचं थांबवलं. याबद्दल गावाने माझा शाल देऊन सत्कार केला. मी ती घेतली. चहाही प्यायला.

एका हिवाळ्यात असाच बुधवारी गेलो तर पंचफुलाबाई पारावर नव्हत्या. निरोप ठेवला होता, नाल्यात या. तिथे ओल्या रेतीवर घमेलं पालथं घातलेलं होतं आणि वर दगड. त्यांनी दगड काढला, घमेलं उचललं. खाली माझ्या पंजाएवढा पंजा उमटलेला होता. मी लगेच दोन पावलं मागे सरलो, जणू तो त्यातूनच बाहेर येणार होता.

"बकरी नाई हे," त्या म्हणाल्या.

"अर्ज भरायचा?" मी विचारलं. सवय.

"कायचा अर्ज? माह्यं काय खाल्लं त्यानं? वांगे खाते का थो?" त्यांचा आवाज एकदम हळू झाला होता. "महिना झाला, डुकरं दिसले नाई इकडे. मले वाटलंच होतं. हा आपला जागल्या हाये बाबूजी, बिनपगारी. पन येक ध्यानात ठेवा. थो सुधाकरच्या धुऱ्यावरून गेला, पाहून घ्या, तारेच्या खालून वाकून गेला. सुखानं गेला." त्यांनी हात जोडले. मीही जोडले. मग घमेलं पुन्हा अलगद पालथं घालत म्हणाल्या, "याले हापिसात नेऊ नका. तुमी त्रुटी काढान."

निवृत्त होऊन मी अमरावतीला आलो. आता अर्ज मोबाइलवरून जातात, फोटोही त्यातच जातो. माती आणावी लागत नाही म्हणे. दसऱ्याच्या आधी पंचफुलाबाई कुणाच्या ना कुणाच्या हाती झेंडूची फुलं आणि वांगी पाठवत. पिशवी आली की बायको म्हणे, "तुमची लाच आली."

यंदा पिशवी आली नाही, त्यांच्या सुनेचा, कांताचा फोन आला. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं होतं. तेरवीला गेलो. सुधाकर दारातच भेटला, हात धरून आत घेऊन गेला. माणसं जेवून पांगल्यावर कांता म्हणाली, "मामाजी, इकडे या जरा. मायच्या फळीवर येक वस्तू हाये, कोनाची थे पक्कं समजून राहिलं नाई."

आतल्या खोलीत चुलीच्या वरच्या अंगाला लाकडी फळी होती. तिच्यावर वाळलेल्या मातीचे चौकोन ओळीने मांडलेले, कडा शेणामातीने लिंपून पक्क्या केलेल्या. डुक्कर, रोही, चितळ, साळिंदर; आता मला ओळखता येत होते. सगळ्यात शेवटी माणसाच्या चपलेचा एक ठसा होता. उजव्या पायाचा. टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली, मधून एक तडा गेलेला, आणि कडेला मेथीची दोन-तीन वाळकी पानं मातीतच दबून राहिलेली.

"आमी विचारलं का म्हने," कांता सांगत होती, "हे जनावर लय उशिरा येते, पन येकदा आलं का मंग दर बुधवारी येते." ती माझ्याकडे पाहत थांबली. "तुमचाच असन ना हा?"

मी दाराबाहेर काढून ठेवलेल्या माझ्या चपलांकडे पाहिलं. चपला नव्या होत्या, पण उजवी टाच बाहेरच्या बाजूनेच झिजत चालली होती.

"हो, माझाच आहे," मी म्हणालो. पुरावा मागितला नाही.